कवितेतला 'मी'

पीएचडी करताना एक गोष्ट अंगात मुरते. लिहिताना 'मी' म्हणायचं नाही! 'मी मोजलं' नाही, तर 'मोजमाप करण्यात आले'. स्वतःचा हात भाजला तरी प्रबंधात 'तापमान वाढल्याचे आढळून आले' एवढंच. त्यात गैर काही नाही म्हणा. प्रयोग कुणीही केला तरी उत्तर तेच यायला हवं. पण ही सवय लागलेला माणूस कविता लिहायला बसला की पंचाईत होते. तिथे 'मी' टाळून भागत नाही, आणि 'मी' लिहिलं की अंगावरचं पांघरूण कुणी ओढल्यासारखं वाटतं.

इथे आयर्लंडमध्ये शेमस हीनी वाचताना मला यातून वाट दिसली. १९९५ चं नोबेल मिळालेला हा कवी डेरी परगण्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. १९५३ मध्ये तो १३ वर्षांचा होता, घरापासून दूर वसतिगृहात शिकत होता. तेव्हा त्याचा लहानगा भाऊ क्रिस्टोफर मोटारीच्या अपघातात गेला. 'मिड-टर्म ब्रेक' ही कविता त्यावरची. १९६६ च्या 'डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट' या संग्रहात ती आहे. वडील त्यात रडताना दिसतात, पण कवी स्वतः कुठे रडत नाही. काय पाहिलं, काय ऐकलं ते सांगत जातो आणि शेवटी येतं ते चक्क एक मोजमाप, शवपेटीच्या लांबीचं. माझ्यासारख्या इंजिनिअरच्या पोटात खड्डा पडला. आकडा इतकं रडवू शकतो?

२०१५ मध्ये आयरिश लोकांनी गेल्या १०० वर्षांतली आपली सर्वांत आवडती कविता निवडली, तीही हीनीचीच. विषय काय, तर इतर मंडळी चर्चला गेलेली असताना आईबरोबर बटाटे सोलणं! आई १९८४ मध्ये गेली, तिच्यावरच्या सुनीतांपैकी हे एक. क्रांती, दुष्काळ, स्थलांतर असे विषय असलेल्या देशाने बटाटे निवडले.

आपल्याकडे इंदिरा संत आठवतात. १९४० मध्ये पतीबरोबर 'सहवास' हा संग्रह काढला आणि १९४६ मध्ये ते गेले. पुढे बेळगावात नोकरी आणि मुलं सांभाळत त्यांनी तो विरह कवितेत आणला, तोही घरातल्या, अंगणातल्या साध्या गोष्टींतून. एका विधवा बाईने त्या काळात आपलं एकटेपण स्वतःच्या नावानिशी छापायचं, याला काय छाती लागली असेल!

हे सगळं आत्ता सांगतोय कारण दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. डब्लिन, दुबई, मुंबई करत मी सांगलीला पोचलो तो तिसऱ्या दिवशी. परत आल्यावर लिहायला बसलो. आभाळ, वटवृक्ष, पोरकेपण असे शब्द हाताशी होतेच. पण ते कुणाच्याही वडिलांना चालले असते, आणि म्हणूनच त्यांत मी सुरक्षित होतो. अण्णांचं म्हणावं असं माझ्याकडे एकच होतं. दर रविवारी फोनवर ते विचारायचे, "तिकडं पाऊस आहे का रे?" कॉर्कमध्ये पाऊस नसतो कधी? तरी नऊ वर्षं विचारत राहिले, आणि मी "आहे" म्हणत राहिलो. एवढंच लिहिलं. आठ ओळी झाल्या. 'माझी आठवण येते का' हे त्यांना पावसाच्या आडून विचारावं लागलं आणि मलाही तसंच उत्तर द्यावं लागलं, हे कागदावर उतरल्यावर कळलं.

कुणाला दाखवायचं धाडस होईना. शेवटी आईला फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, लाइन गेली.

मग म्हणाली, "त्यांच्या चपला मी अजून दारातनं काढल्या नाहीत बघ. तेपण लिही."

दोन वर्षांत ती हे कुणाला बोलली नव्हती. मी उघडा पडायला घाबरत होतो, आणि त्या आठ ओळींनी तिला बोलायला जागा करून दिली. कवितेत 'मी' कशासाठी लिहायचा, याचं याहून सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

नववी ओळ चपलांची आहे. ती आईची आहे.