चार वेळा ‘होय’

साक्षांकन नमुना भरताना पेन अडला तो ‘आपणास कधी अटक झाली आहे काय?’ या प्रश्नावर. पुढे तसलेच आणखी तीन: खटला चालला काय, दंड झाला काय, दोषी ठरलात काय. एका सरकारी संशोधन संस्थेत सॉफ्टवेअरच्या पदासाठी माझी निवड झाली होती. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती.

नऊ वर्षांपूर्वी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, रखडलेल्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही पोरांनी रास्ता रोको केला. भारतीय दंड संहितेचं कलम 143 आणि 341: बेकायदा जमाव आणि वाट अडवणं. रात्र पोलीस ठाण्यात गेली. सकाळी अण्णा जामिनाला आले. मग दोन वर्षं तारखा. शेवटच्या वर्षाच्या धावपळीत वकील म्हणाले, ‘कबूल कर, पाचशे रुपये भर, मोकळा हो.’ मी भरले आणि मोकळा झालो असं समजलो. कबुली देऊन दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता चारही ठिकाणी ‘होय’ येत होतं.

‘नाही लिही,’ अण्णा म्हणाले. ‘पाचशे रुपयांचं काय घेऊन बसलास? कोण बघतंय?’

पण नमुन्याच्या सुरुवातीलाच इशारा होता: खोटी माहिती देणं किंवा माहिती लपवणं ही अपात्रता समजली जाईल. मी वाचायला बसलो. 2016 साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याचाच विचार केला आहे. तरुण वयात घोषणा देण्यासारखं किरकोळ प्रकरण कुणी लपवलं, तरी नियुक्ती करणाऱ्याला ते माफ करता येतं. हे वाचून हायसं वाटलं. पण त्याच निकालात पुढे आहे, की उमेदवाराने सगळं खरं सांगितलं तरी त्याला नेमायलाच हवं असं बंधन नाही. म्हणजे खोट्याला कदाचित माफी, आणि खऱ्याला हमी नाही.

मी दिवसभर कोडमध्ये ‘होय’ आणि ‘नाही’च्या अटी लिहितो. तिथे उत्तर दिलं की पुढची वाट ठरलेली असते. इथे ‘होय’च्या पुढे एक माणूस बसलेला आहे, आणि तो काय ठरवेल ते मला लिहिता येत नाही. मी चार वेळा ‘होय’ लिहिलं. खाली कलमं, तारीख, दंडाची रक्कम. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

महिनाभराने गावच्या घरी हवालदार आले. मी पुण्यात होतो. काय झालं ते आईने फोनवर सांगितलं. हवालदारांनी विचारलं, ‘पोरावर कधी केस होती का?’ आई घाबरून अण्णांकडे बघत राहिली. अण्णांनी आधी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाले, ‘होती. मीच सोडवून आणला होता. स्कॉलरशिपसाठी बसला होता रस्त्यावर.’

संस्थेचं पत्र अजून आलेलं नाही. परवा अण्णांनी फोन करून विचारलं, ‘काही कळलं का?’ मी नाही म्हणालो.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘लिहिलंस ते ठीकच केलंस.’