बिडु, मोत्या!

कामरेजच्या चार रस्त्यावरून जाणारा महामार्ग पुढे मुंबई, पुणे, कोल्हापूर करत थेट बेळगावला पोचतो. पूर्वी इकडे तो 8 नंबरचा होता आणि आपल्याकडे 4 नंबरचा, आता दोन्हीकडे 48. याच रस्त्याने मोत्या आमच्या घरी आला, माझ्या मांडीवर, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

सासूबाईंचं माहेर मुधोळजवळचं. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान. राजघराणं मराठी, रयत बहुतेक कन्नड. आमच्या घरासारखंच म्हणा ना! तिथल्या मालोजीराजांनी ही शिकारी कुत्री जोपासली, एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहालाही भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं, ते सासूबाईंनी देवघराच्या फळीवर चिकटवून ठेवलंय. तेव्हा घरात कुत्रं आणायचं तर मुधोळचंच, हे ठरलेलं होतं.

चूक आमचीच झाली. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. "एवढ्या लांब परत कोण येणार?" म्हणून आम्ही उचलून आणलं. पिल्लं आपापसात खेळताना एकमेकांना चावतात. जोरात लागलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. दात किती लावायचा याची पहिली शाळा ती. म्हणून आठ आठवडे तरी आईजवळ ठेवायचं असतं. आम्ही त्याची शाळाच बुडवली.

महिनाभरात घर हैराण झालं. दुधाचे 28 दात, एकेक सुईसारखा! साडीचा काठ, पायजम्याची नाडी, सासूबाईंची टाच, काही सुटेना. हे घडी केलेल्या पेपरने त्याच्या तोंडावर मारायचे. त्याने झालं इतकंच, की हात पुढे आला की तो आधीच दात दाखवू लागला. आणि एके संध्याकाळी आमची सहा वर्षांची लेक ओरडत पळाली, मोत्या मागे लागला आणि तिच्या बोटातून रक्त आलं.

सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. मी तिला नळाखाली धरलं. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ती रडत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे माझा धाकटा भाऊ होता. लहानपणी त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. सकाळ झाली की तो माळ्यावर लपायचा. ती जुनी लस आता बंद झाली, सुया दंडावर देतात. पण घ्यावी तर लागतेच. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचवणं जवळपास अशक्य. मोत्याला तीन महिने झाले नव्हते, त्याचीच लस व्हायची होती. त्या रात्री हे म्हणाले, "उद्या परत पाठवू याला." सासूबाई गप्प बसल्या. मीही विरोध केला नाही, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो, ते परत कसं पाठवायचं हे विचारायलाच. त्यांनी उलट आम्हालाच विचारलं, "चावला की तुम्ही काय म्हणता?" तेव्हा लक्षात आलं. हे म्हणायचे "छोड", लेक म्हणायची "नको", मी "सोड रे", सासूबाई "बिडु" आणि वॉचमनकाका "मूकी दे". पाच जणांचे पाच हुकूम. पोराने ऐकायचं कुणाचं?

शेवटी "बिडु" ठरलं. छोटा शब्द, आणि सासूबाई दुसरं काही म्हणणार नव्हत्याच. दात कातडीला लागला की खेळ बंद. पाठ फिरवून गप्प उभं राहायचं, फार झालं तर अर्धा मिनिट खोलीबाहेर. "बिडु" म्हटल्यावर सोडलं की खोबऱ्याचा तुकडा. चावायला ओल्या सुती कापडाची गाठ, फ्रीजमध्ये गार केलेली. पेपर फक्त वाचायला. लेकीला शिकवणं सगळ्यात अवघड गेलं. ही जात नजरेने शिकार हेरणारी, पळेल त्याच्या मागे धावणारी. "पळू नकोस, झाडासारखी उभी राहा," हे सहा वर्षांच्या पोरीला सांगून बघा!

दोन आठवडे काही फरक पडला नाही. उलट संध्याकाळी जास्तच. मग कळलं, दमलेलं पिल्लूसुद्धा दमलेल्या लेकरासारखंच किरकिरतं. दुपारी कोपऱ्यात निजवू लागलो, तेव्हा चावणं निम्म्यावर आलं.

लेकीची शेवटची सुई झाली त्या दिवशी यांनी परत पाठवण्याचा विषय काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

आता मोत्या सात महिन्यांचा आहे, लशी वेळेवर झाल्यात. त्याचे दुधाचे दात पडले तेव्हा लेकीचेही पडत होते. तिच्या कंपासपेटीत दोघांचे एकत्र आहेत, कुठला कुणाचा हे तिलाच माहीत. अनोळखी माणसाने डोक्यावर हात ठेवलेला त्याला अजून खपत नाही, म्हणून पाहुणे आले की आम्ही त्याला बांधतो. सासूबाई मात्र जेवताना अजून पाय पाटावर घेऊनच बसतात.