शून्यालाही जागा

दहावीला ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सुरू झाली की पहिले दोन तास मी एकही गणित सोडवून देत नाही, नुसतं मांडायला लावते. ३य = १३ − २क्ष आणि ५क्ष = य + ७ अशी विस्कटलेली जोडी फळ्यावर लिहायची. क्षखाली क्ष आला पाहिजे, यखाली य, आकडे बरोबरच्या उजवीकडे. मुलं कंटाळतात. “बाई, एवढं तर येतं!”

येत नाही. निश्चयकाच्या घाईत दुसऱ्या समीकरणातला य डावीकडे आणताना ऋण करायचा राहतो आणि क्ष येतो ८/१३. पुढचे गुणाकार, वजाबाक्या, भागाकार अगदी बिनचूक. खरं उत्तर २ आणि ३. वही तपासताना मला त्या बिनचूकपणाचंच वाईट वाटतं. बरं, पुस्तकातही सामान्य रूप लिहिताना स्थिरपद डावीकडे आणि उजवीकडे शून्य. क्रेमरची पद्धत आली की तेच स्थिरपद चिन्ह बदलून उजवीकडे. घर बदललं की नाव विसरणारच की पोरं!

खरी गंमत क्ष = ३ चा आलेख काढताना येते. निम्मा वर्ग क्ष-अक्षावर तीनपाशी एक ठिपका देऊन मोकळा होतो. मी म्हणते, यची जागा रिकामी का ठेवली? १क्ष + ०य = ३ लिहा. आता य −१ घ्या, ० घ्या, २ घ्या. क्ष तीनच राहतो. ठिपक्यातून उभी रेषा वर चढते. चढ सांगणारं रूप, य = मक्ष + क, इथे हात टेकतं; उभ्या रेषेला चढच नसतो. म्हणून मला हे जुनं, संथ रूप आवडतं. अट एकच: क्ष आणि य या दोघांचे सहगुणक एकदमच शून्य नकोत.

ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. ब्रह्मगुप्ताचा टीकाकार पृथूदकस्वामी समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहायचा आणि जे पद नाही तिथे शून्य मांडायचा. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या बीजगणितात अव्यक्तांना यावत्-तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत, आणि आकड्याला ‘रूप’. फळ्यावर ‘या’, ‘का’, ‘रू’ लिहिलं की मागच्या बाकावरही हसू फुटतं.

गेल्या वर्षी एका मुलीने चाचणीत ०य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि हात वर केला.

“बाई, हे ठेवलं तर मार्क कापतात का?”

“नाही गं. राहू दे.”