नर्सबाईची मुलाखत

आमच्या लहानपणी नर्सबाईला शोधत माणूस निघाला, की गावाला कळायचं, कुणाची तरी लेक अडली. सुईणीनं हात टेकले की मग बैलगाडी जुंपायची, कंदील घ्यायचा आन निघायचं. यंदा माझी नात नर्सबाईला शोधत होती, वही-पेन घेऊन.

नात नांदेडला जीएनएम करते. तीन वर्षांचा कोर्स. नोकरीतल्या एका नर्सची मुलाखत घेऊन या, असं वर्गात सांगितलेलं. प्रश्न छापूनच दिलेले. पोरगी आठ दिवस फिरली. शहरातल्या दवाखान्यात सिस्टरला पाणी प्यायला फुरसत नाही, तिथं मुलाखत कोण देणार? सोबतच्या काही पोरींनी घरी बसून मनानंच उत्तरं लिहिली. हिच्याबी मनात तेच आलं.

म्हणलं, "माय, बांधावर न येता कुणी पंचनामा केला तर आपण शिव्या देतो. मग हे काय वेगळं?"

लसीकरणाच्या दिवशी सकाळी तिला घेऊन अर्धापूरजवळच्या एका आरोग्य केंद्रावर गेलो. तिथं उपकेंद्राची सिस्टर लस न्यायला आलेली. सपाट भागात पाच हजार वस्तीमागं एक उपकेंद्र. म्हणजे पाच हजार माणसांचा हिशेब तिच्या रजिस्टरात. ती म्हणली, "बसायला वेळ नाही गं. हे रजिस्टर धर, काम करता करता विचार."

पहिला प्रश्न होता, या क्षेत्रात येण्याची प्रेरणा काय? सिस्टर हसली. "लवकर नोकरी लागावी, ही प्रेरणा." बोलता बोलता तिनं बर्फाचा पॅक कानाजवळ नेऊन हलवला. नातीलाबी हलवायला लावला. "आत पाणी खळखळतंय का? खळखळलं की मगच डब्यात ठेवायचा. फ्रीजरातून काढून दगडासारखाच ठेवला तर घटसर्प-धनुर्वाताची लस गोठते. गोठलेली लस टोचूनबी उपेग नाही. आई मात्र समजती, बाळाला लस झाली."

मला हे लगेच उमगलं. आमची अर्धापूरची केळी तशीच. उन्हानं बिघडती तशी जास्त गारठ्यानंबी बिघडती; साल काळवंडती, नीट पिकत नाही. लोकाला वाटतं, जितकं गार तितकं चांगलं.

शेवटचा प्रश्न होता, नवीन विद्यार्थिनींना काय संदेश द्याल? सिस्टरनं डब्याचं झाकण लावलं. "टोचायच्या आधी बाटली बघ. टोचल्यावर बाळाला अर्धा तास घरी जाऊ देऊ नको. आन नोकरी कायम हाय का कराराची, ते विचारून धर. माझा अकरा महिन्यांचा करार. बारा वर्षं झाली, दरसाल नवी सही. हे लिहिशील?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "मुलाखत तुझी हाय."

तिनं लिहिलं. बर्फाच्या पाण्याचा आवाज छापलेल्या कोणत्याच प्रश्नात बसत नव्हता, म्हणून तो शेवटच्या पानावर वेगळा लिहिला.

पुढं वर्गातल्या दोघींनी त्या सिस्टरचा फोन नंबर मागितला. नात म्हणली, "फोनवर नाही जमत. लसीच्या दिवशी सकाळी जा, आन आधी रजिस्टर धरा."