युरोबॅग कुणाच्या हातात?

३ जुलै, रात्रपाळी
नऊ नंबरच्या आजोबांना सीटी स्कॅनहून परत आणलं. पलंगावर घेताना चौघांनी चादर धरली, एकाने व्हेंटिलेटरची नळी सांभाळली. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, मात्र स्ट्रेचरच्या दांडीलाच. ‘उचला’ म्हणायच्या आत मी थांबवलं. लघवीच्या नळीच्या टोकाला, मूत्राशयात, १० मिली पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो तसाच ओढला गेला तर मूत्रमार्ग आतून फाटतो, रक्त येतं, पुढे मार्ग आक्रसूही शकतो. आणि गुंगीच्या औषधाखालचा माणूस ‘दुखतंय’ म्हणणार कसा? यापुढे उचलताना युरोबॅग कुणाच्या हातात, हे आधी ठरवायचं.

८ जुलै
नव्या मुलींना लघवीची नळी बांधायला शिकवलं. बायकांना मांडीच्या वरच्या भागावर. पुरुषांना तिथे किंवा ओटीपोटावर. आधी कातडीवर एक पट्टी, तिच्यावर नळी, मग दुसरी पट्टी नळीला पूर्ण वेढा घालून खालच्या पट्टीवर. नळी कातडीत रुतत नाही. फुगा भरायच्या तोंडावर पट्टी येऊ द्यायची नाही. थोडी ढील ठेवून रुग्णाचा गुडघा वाकवून बघायचा, पाय बाजूला घेऊन बघायचा. एकीने नळी ताठ बांधली होती. पाय हलवताच ताण तिलाच दिसला. मला जास्त बोलावं लागलं नाही.

१४ जुलै
सेप्सिसच्या काकू. अंगावर सूज इतकी की बोट दाबलं तर खळगा राहतो. अशा कातडीवरून चिकटपट्टी ओढली की सालच निघते. पट्टी ओली करून, कातडी एका हाताने धरून, सावकाश सोडवली. आता दुसऱ्या मांडीला मऊ वेल्क्रोचा पट्टा, खाली दोन बोटं जातील इतका सैल. सूज वाढली तर हाच पट्टा काचेल, म्हणून दर पाळीत बघणं आलंच.

१५ जुलै
काकूंची लघवी तासाला १५ मिलीवर आली. कुशीवर वळवताना नळीला पीळ पडला होता. सोडवला, बॅग भरू लागली. आधी नळी बघायची, मग लघवी वाढवणारं लॅसिक्स.

२१ जुलै
चार नंबरचे दादा भ्रमात आहेत, सारखा हात नळीकडे. कुणी म्हणालं, हात बांधा. मला ते पटत नाही. बांधलेला माणूस आणखी बिथरतो. नळी विजारीतून पायाकडे नेली, नजरेआड केली. पण खरा प्रश्न वेगळाच: नळी अजून हवी कशाला? दर तासाची लघवी मोजायची गरज उरलेली नाही. नळी जितके दिवस आत, तितका जंतुसंसर्गाचा धोका चढतो. अमेरिकेच्या सीडीसीच्या २००९ च्या सूचनांत नळी नीट बांधा हे आहे, तसंच गरज संपताच काढा हेही आहे. राउंडला सरांना विचारलं. फुग्यातलं सगळं पाणी काढून नळी काढली. दुपारी दादांनी भांड्यात २५० मिली लघवी केली.

हँडओव्हरच्या कागदावर तीन रकाने आखले: नळी कुठे बांधली, जागा कधी बदलली, अजून का आहे. इन्चार्ज सिस्टर छापून देणार आहेत.