बिबट्याची भूल

मीरा-भाईंदरच्या पूर्वेला, चेणे-घोडबंदरच्या अंगाने, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल वस्तीला भिडते. या उद्यानाच्या बोरिवलीतील बचाव केंद्रात पुन्हा जंगलात सोडता न येणारे बिबटे पिंजऱ्यात सांभाळले जातात, आणि त्यांच्या सुळ्याचे वा जखमेचे काम निघाले की आधी भूल द्यावी लागते. 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' हा बिबट्या मुंबईच्या जंगलापर्यंत चालत आल्याचे कळले, तेही भुलीत असताना गळ्यात बांधलेल्या रेडिओ-पट्ट्यामुळेच.

बंदूक मारली की बिबट्या झोपला, ही समजूत फसवी आहे. पिंजऱ्यातल्या जनावराला बहुधा फुंकनळीने, म्हणजे तोंडाने फुंकून सुई सोडणाऱ्या लांब नळीने, भूल देतात. नेम साधणे हा त्यातला सोपा भाग. खरी कसोटी सुईतल्या दोन औषधांची असते: झायलाझिन गुंगी आणून स्नायू सैल करते, तर केटामाइन शरीराच्या वेदनेची जाणीव मेंदूपासून तोडते. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात रूढ झालेल्या मिश्रणात एका मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम झायलाझिन आणि 100 मिलिग्रॅम केटामाइन असल्याने मोठ्या जनावरालाही थोडेच औषध पुरते. मात्रा वजनावर ठरते आणि वजन पुष्कळदा नजरेनेच अजमावावे लागते. झायलाझिनने मार्जारकुळातील प्राण्यांना उलटी होते व ती श्वासनलिकेत गेल्यास जीव जाऊ शकतो, म्हणून आधी उपाशी ठेवतात.

प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या तपासणीत बिबट्याचे डोळे सताड उघडे होते, कारण केटामाइनच्या अमलाखाली पापण्या मिटत नाहीत. बुबुळे सुकू नयेत म्हणून त्यांत मलम घालून वर फडके बांधले होते, आणि बाहेर काढलेल्या जिभेला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला होता. ताप वाढू लागताच पोटावर व पंजांवर पाणी मारण्यात आले.

काम आटोपल्यावर डॉक्टरांनी उताऱ्याची सुई भरून हातात धरली, पण टोचली मात्र नाही, आणि भोवतालच्या मंडळींची चुळबुळ सुरू झाली. उताऱ्यातले योहिम्बिन हे औषध झायलाझिनचा अंमल उतरवते, केटामाइनला मात्र उतारा नाही. घाई केल्यास उरलेल्या केटामाइनने जनावर ताठरते, झटकेही येऊ शकतात. कान हलू लागल्यावरच सुई टोचली गेली. पाण्याचे भांडे मात्र बिबट्या न अडखळता चालेपर्यंत पिंजऱ्याबाहेरच राहिले, कारण अर्धवट शुद्धीतले जनावर त्यात तोंड बुडवून गुदमरू शकते.