फुकटचं घर, वरून रंग?

पलसाण्यात रंगाची कमतरता नाही. सुरत जिल्ह्यातलं, मुंबई-अहमदाबाद हायवेवरचं हे तालुक्याचं गाव. कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांची रांगच लागलेली आहे. सुरतच्या मागांवर विणलेलं कोरं कापड इथे येतं (मिलवाले त्याला 'ग्रे' म्हणतात) आणि राणी, पोपटी, मोरपिशी होऊन बाहेर पडतं. रंग कालवायच्या जागेला चक्क 'कलर किचन' असं नाव आहे. माझे पप्पा वसई सोडून इथे आले ते याच किचनमधल्या नोकरीसाठी. अशा गावात एका भिंतीला रंग द्यावा की नाही यावर महिनाभर चर्चा होऊ शकते, हे मला सुट्टीत घरी गेल्यावरच कळलं.

घर आहे हळपतीवासातलं, आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला. दक्षिण गुजरातमध्ये जवळजवळ प्रत्येक गावाच्या कडेला असा एक हळपतीवास असतो. हळपती म्हणजे पूर्वीचे दुबळा. जमीनदाराकडून लग्नासाठी पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, त्याच्याकडे नांगर धरायचा, या 'हाळी' पद्धतीत यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने 1962 पासून या भागात राहून त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. हाळी राहायचा तीही जागा मालकाचीच. त्यामुळे 'स्वतःचं घर' हा शब्द हळपतीवासात तसा अलीकडचाच आहे.

तर तिथल्या एका बेनना घरकुल मंजूर झालं. (मराठीत आपण घरकुल म्हणतो, इकडे सगळे 'आवास' म्हणतात. आणि 'ते आवासवाळा' असं म्हणताना आवाज थोडा खाली येतो, हे सुरतेतल्या कोसाडच्या मोठ्या आवास वसाहतीबद्दलही ऐकलंय आणि इथेही.) प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाटीवरच्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. पैसे हप्त्यांनी येतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून चढवावा लागतो. 2016 साली ही योजना इंदिरा आवासच्या जागी आली, तेव्हा ठरलेला 1 लाख 20 हजारांचा आकडा 2024 मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली तेव्हाही तोच राहिला. सिमेंट-सळईचा भाव मात्र 2016 मध्ये थांबला नाही. बेनचं घर उभं राहिलं, स्लॅब पडला, आतून गिलावा झाला आणि पैसे संपले. बाहेरून विटा उघड्याच. एका बाजूला फक्त चौकोनभर जागा गुळगुळीत करून रंगवलेली, आणि त्यावर योजनेचं नाव, बेनचं नाव, वर्ष आणि रक्कम. म्हणजे त्या घराला रंग होता, पण तेवढाच.

आमच्या पॅरिशमध्ये गरजू घरांना भेटी देणारा एक छोटा गट आहे. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पद्धतीने चालतो. ओझानाम नावाच्या तरुणाने 1833 मध्ये पॅरिसमध्ये ही सोसायटी सुरू केली, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. मदत हातात ठेवून निघून जायचं नाही, घरी जाऊन बसायचं, हा तिचा मुख्य नियम. मम्मी त्या गटात आहे. बेन कॅथलिक नाहीत, पण त्याने काही अडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एका मीटिंगमध्ये मम्मीने विषय काढला, की बाहेरचा गिलावा आणि आतबाहेर रंग एवढं करून द्यावं. एका ओळखीच्या रंगाऱ्याने नुसत्या रंगाचे मजुरीसकट चौदा हजार सांगितले होते. गिलाव्यावर कोणी काही बोललं नाही. रंगावर मात्र सगळेच बोलले.

"मफतनुं घर छे, हवे रंग पण आपणे करी आपवानो?" हे एका अंकलचं वाक्य. मराठीत सांगायचं तर, घर फुकटात मिळालंय, आता रंगही आपणच द्यायचा का? दुसऱ्या एका आंटी म्हणाल्या, आमचंच घर चार वर्षं रंगवलेलं नाही. तिसरे म्हणाले, औषधाला द्या, शाळेच्या फीला द्या, रंगाला नको, रंग म्हणजे मौजमजा. हे लोक वाईट नाहीत. लॉकडाऊनमध्ये यांनीच मिलच्या ओडिया कामगारांना दिवसच्या दिवस जेवण पोचवलं होतं. म्हणून तर मला ते बोलणं विसरता येईना.

कारण प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं खरं होतं. आंटींचे मिस्टर रिटायर झालेत, त्यांना कुठल्याच योजनेतून काही मिळत नाही. स्वतःच्या पगारातून हप्ते भरणाऱ्याला दुसऱ्याचं आयतं घर टोचतं. मुंबईत 1995 नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाची घरं फुकट मिळू लागली तेव्हापासूनचं बोलणं आपण सगळ्यांनी ट्रेनमध्ये ऐकलेलं आहे. पण मला खटकलं ते वेगळंच. माणसाला काय *लागतं* हे आपण ठरवणार, आणि त्या यादीत भिंत आहे पण भिंतीचा रंग नाही. वसईत आमच्याकडे नाताळ आला की कर्ज काढून का होईना, घराला हात फिरवतात. गोठा मांडायच्या आधी निदान पुढच्या खोलीची एक भिंत तरी रंगवतात. त्याला आजवर कोणी मौजमजा म्हटलेलं मी ऐकलं नाही, सण म्हणतात.

शिवाय रंग ही गरिबांसाठी पैशाची गोष्ट कधी झाली, हेही बघायला पाहिजे. वारली घरात कूड शेणामातीने सारवतात, वर गेरू, आणि लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने. डांगपासून डहाणूपर्यंत हे सगळं सामान अंगणात नाहीतर रानात मिळायचं, खर्च होता तो फक्त बायकांच्या हातांचा. सिमेंटच्या भिंतीवर सारवण टिकत नाही. तिला पुट्टी, प्रायमर, डिस्टेंपर लागतं आणि ते दुकानातच मिळतं. पक्कं घर देताना आपण सजवायची जुनी, बिनपैशाची रीत नकळत काढून घेतो आणि मग नवी रीत परवडत नाही म्हणून नावं ठेवतो. (बेनची सासू अजूनही नव्या घराच्या आत जमीन सारवायला बघते. फरशी नसल्यामुळे ते जमतंही.)

गांधींना हे कळलं होतं असं मला वाटतं. 1938 च्या फेब्रुवारीत याच सुरत जिल्ह्यात हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं, सुभाषबाबू अध्यक्ष होते. तेव्हा गांधींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि मंडप, दरवाजे सजवायला सांगितलं. नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शेकडो चित्रं केली. मातीचे रंग, हातकागद, विषय म्हणजे कांडणारी बाई, ढोलवाला, चांभार, सुतार. आज त्यातली कितीतरी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. पण तेव्हा ती येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांसाठी वाटेवर लावलेली होती. पंचा नेसणाऱ्या, पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाने खेडुतांना सजावट लागते असं धरून चालावं, आणि आम्ही चौदा हजारांवर अडून बसावं! मीटिंगमध्ये हे बोलायचा धीर मला झाला नसता, मी तिथे चहा द्यायला होते.

आणखी एक गोष्ट आहे. गरिबाच्या भिंतीवर रंग चढवायला आपली ना नसते, फक्त तो आपल्या कामाचा हवा. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात 2017 मध्ये स्वस्त धान्य घेणाऱ्यांच्या घरांवर 'मी गरीब कुटुंबातला आहे आणि रेशन घेतो' अशा अर्थाची वाक्यं पिवळ्या चौकोनात रंगवली होती. मध्य प्रदेशात आवासच्या घरांत पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांचे फोटो असलेल्या टाइल्स बसवल्या. शेवटी 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने त्या काढायला लावल्या. केरळ सरकारने तर केंद्राचा लोगो घरांवर लावायलाच नकार दिला. त्यांच्या लाईफ मिशनमध्ये घराला 4 लाख मिळतात, त्यात केंद्राचा वाटा ग्रामीण घरामागे 72 हजार, आणि पाटी लावली की त्या घरातली माणसं कायमची 'लाभार्थी' होतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. ब्रिटनमध्ये कित्येक नगरपालिका नव्या भाडेकरूला रंगकामासाठी व्हाउचर देतात. रंग कोणता, हे भाडेकरूच ठरवतो. तिथेही 'आमच्या टॅक्सच्या पैशातून वॉलपेपर?' असं म्हणणारे असणारच, माणसं सगळीकडे सारखीच. पण निदान भिंत त्याच्या मनाप्रमाणे रंगते.

मीटिंगमध्ये माझ्या आवडीचं म्हणाल तर एक फादर बोलले. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातल्या बेथानीच्या जेवणाची आठवण करून दिली. मरिया उंची तेल येशूच्या पायांना लावते, तेव्हा 'हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही?' असं कोण विचारतो? यहूदा. सगळे हसले. ज्यांना लागलं ते जरा उशिरा हसले.

पण फादरांच्या गोष्टीने प्रश्न सुटला नाही. तो सुटला बेनमुळे, आणि तोही आमच्यापैकी कोणीच विचार केला नव्हता अशा रीतीने. मम्मी आणि मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आंटी, बाहेर रंग नको." का, तर बाहेरून घर चकचकीत दिसलं की वासातच कोणीतरी म्हणणार, यांच्याकडे पैसा आला. मग रेशनकार्डाची तपासणी होईल, यादीतून नाव उडेल. आम्ही म्हटलं, असं होत नाही. त्या नुसत्या हसल्या. घरी येऊन मी योजनेचे नियम वाचले. घरकुलाच्या यादीतून वगळायच्या जुन्या निकषांत फ्रिज होता, दुचाकी होती, लँडलाइन फोनसुद्धा होता. 2024 मध्ये ते तिन्ही काढले. म्हणजे आठ वर्षं एका फ्रिजवरून माणूस घराला लायक की नालायक हे ठरत होतं. रंगाचा निकष कुठेच नाही, कधी नव्हता. पण ज्यांनी आयुष्यभर तपासणीला येणाऱ्या साहेबांची नजर घरावरून फिरताना बघितली आहे, त्यांना नियमांचा कागद दाखवून काय उपयोग? आपण म्हणतो, गरिबांना टापटीप कळत नाही. टापटीप दिसली की मदत जाते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

त्यांना रंग हवा होता तो आत. चुलीच्या बाजूची सोडून बाकीच्या तीन भिंतींना. मुलगी दहावीला जाणार आहे, तिच्या मैत्रिणी येतात, त्या भिंतीकडे बघतात, एवढंच त्यांनी सांगितलं. मम्मीने पुढे काही विचारलं नाही.

पुन्हा मीटिंग झाली. अंकलचा मुद्दा कायम होता की रंगाला पैसे नाहीत. तेव्हा पप्पांनी (ते एरवी मीटिंगला येत नाहीत, मिलमधून सुटेपर्यंत आठ वाजतात) एक वाट काढली. बाहेरच्या गिलाव्यावर सिमेंट पेंटचा हात दिला नाही तर पहिल्याच पावसात भिंती पाणी पितील, तेव्हा बाहेरचा रंग ही दुरुस्ती धरा. आणि मिलमधला एक पोरगा रविवारी फुकट काम करायला तयार आहे, त्यामुळे मजुरी वाचेल, त्यात आतलं डिस्टेंपर बसेल. अंकलनी हिशोब दोनदा तपासला. बरोबर होता. रजिस्टरमध्ये 'ओल-प्रतिबंधक काम' असं लिहिलं गेलं आणि त्याखाली अंकलनीच पहिली सही केली. मला खरं तर तिथे 'रंग' हाच शब्द हवा होता. मम्मी म्हणाली, तुला शब्द हवाय, तिला भिंत हवीये.

शेडकार्ड बेननी दोन दिवस ठेवून घेतलं. बाहेरसाठी त्यांनी मातकट, लांबून उघड्या गिलाव्यासारखाच दिसेल असा रंग निवडला. आतसाठी मुलीला गुलाबी हवा होता, सासूला पांढरा. शेवटी पोपटी ठरला, कारण धुरात तो कमी मळतो असं रंगाऱ्याने सांगितलं. पप्पांच्या मते हे साफ चूक आहे. पण त्या घरात रंगाबद्दल त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं.